फोन करण्याआधी दादाला विचारा

आमच्या आते-मामे भावंडांच्या ग्रुपवर सगळ्यात तावातावाने चर्चा झाली असेल तर ती 'लाडकी बहीण'वर. जुलै २०२५मध्ये मंत्री आदिती तटकरे यांनी २६.३४ लाख लाभार्थी अपात्र आढळल्याचं सांगितलं. पाठोपाठ १४,२९८ पुरुषांच्या खात्यात महिना दीड हजार जमा होत असल्याची बातमी आली, मग तर विचारूच नका. 'आमच्या टॅक्सवर चैन', 'पै न् पै वसूल करा'. सगळ्यात मोठा आवाज आम्हा परदेशातल्यांचा, म्हणजे ज्यांच्या टॅक्सचा त्या योजनेशी फारसा संबंधच नाही त्यांचा.

त्याच ग्रुपवरचा आमचा एक आतेभाऊ, आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो, इथे इंग्लंडमध्ये युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे बेरोजगार किंवा कमी कमाईच्या लोकांना मिळणारा सरकारी भत्ता, घेतो. गोदामातली नोकरी गेल्यावर त्याने अर्ज केला, आणि त्याला तेव्हा खरंच गरज होती. पण पुण्यात त्याच्या एकट्याच्या नावावर वन-बीएचके आहे. तो भाड्याने दिलेला आहे आणि भाडं तिकडच्या बँकेत जमतं. इथल्या अर्जात त्याचा उल्लेख नाही. राहतं घर सोडून बचत आणि मालमत्ता मिळून १६,००० पौंडांच्या वर गेली की युनिव्हर्सल क्रेडिट मिळत नाही, मग ती मालमत्ता जगाच्या पाठीवर कुठेही असो. १६,००० पौंड म्हणजे साधारण अठरा-एकोणीस लाख रुपये. पुण्यात त्यात काय येतं ते सांगायला नको.

हे दुसऱ्या आत्याच्या मुलीला, म्हणजे ताईला कळलं. तिचा मला फोन आला: "मी भत्त्यांतल्या फसवणुकीच्या हॉटलाइनला कळवणार आहे. तुला काय वाटतं?"

ताईचा संताप मला कळतो. तिच्या व्हिसावर कित्येक वर्षं 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स', म्हणजे युनिव्हर्सल क्रेडिटसारखे सरकारी भत्ते घ्यायचे नाहीत, ही अट होती. पगारातून टॅक्स कापला जायचा, नॅशनल इन्शुरन्स कापला जायचा, वर व्हिसाच्या फीबरोबर आरोग्य अधिभार वेगळा, जो आता वर्षाला १,०३५ पौंड झालाय. यातलं काहीही चुकवायची सोय नव्हती आणि नोकरी गेली असती तरी युनिव्हर्सल क्रेडिट मिळालं नसतं. अशा माणसाला 'जाऊ दे ना, आपलाच आहे' असं सांगणं मला जमत नाही. सरकारी आकडे बघितले तर २०२४-२५मध्ये इथे भत्त्यांपोटी चुकून किंवा फसवणुकीने जास्तीची दिली गेलेली रक्कम सुमारे साडेनऊ अब्ज पौंड होती, एकूण खर्चाच्या ३.३ टक्के. त्यात सर्वात मोठा वाटा फसवणुकीचा.

तरीही मी तिला थांबवलं.

एक कारण अगदी रुक्ष आहे. बाहेरून बघणाऱ्याला नियम अर्धेच माहीत असतात. त्याच फ्लॅटमध्ये दादाची म्हातारी आई राहत असती, तर तो हिशेबात धरलाच गेला नसता, कारण पेन्शनच्या वयाच्या जवळच्या नातेवाइकाचं राहतं घर वगळलं जातं. विकायला काढला असता तर निदान सहा महिने सूट मिळाली असती. दोघा भावांचा असता तर फक्त याचा हिस्सा मोजला असता. दादाच्या बाबतीत यातलं काहीच लागू नाही, हे मला माहीत आहे, पण ते त्याला विचारल्यावर कळलं. ताईने विचारलं नव्हतं. इथे नाव न सांगता तक्रार करता येते आणि पुढे काय झालं ते तक्रार करणाऱ्याला कळवत नाहीत. म्हणजे चौकशीत काही निघालं नाही, तरी नात्यात संशय मात्र कायमचा घुसून बसतो.

दुसरं कारण ग्रुपवर कोणी बोलणार नाही, म्हणून मी बोलते. आजोबांच्या जमिनीच्या वाटणीवरून ताई आणि दादा यांचं बोलणं बंद आहे. निनावी तक्रारीचा अर्ज भाऊबंदकीला किती सोयीचा आहे बघा: कोर्टाचा खर्च नाही, समोर येणं नाही, आणि आपण प्रामाणिक नागरिक असल्याचं समाधान फुकट. मी ताईला विचारलं, सातबाऱ्याचं भांडण नसतं तरी तू हा फोन केला असतास का? ती म्हणाली, "हो." मग थोड्या वेळाने म्हणाली, "बहुतेक."

आता लाडक्या बहिणींकडे वळते. वार्षिक अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा, घरात चारचाकी नको, हे सगळं पहिल्यापासून कागदावर होतं. पण नोव्हेंबर २०२४ची विधानसभा निवडणूक होईपर्यंत अर्ज धडाधड मंजूर झाले आणि छाननी नंतर सुचली. मग पुण्यासारख्या ठिकाणी दारात गाडी आहे का ते बघायला अंगणवाडी सेविकांना पाठवलं. ज्या बाईला त्याच गावात रोज त्याच घरांतून पोरं गोळा करायची आहेत, तिला फितूर व्हायला सांगायचं! या घिसाडघाईत अपात्र ठरलेल्या बाईला मी दादाच्या पंगतीत बसवणार नाही. तिचा अर्ज सरकारने डोळे मिटून घेतला. दादाला मालमत्तेबद्दल स्पष्ट विचारलं होतं, बदल झाला तर ऑनलाइन जर्नलमध्ये, म्हणजे भत्त्याच्या खात्यातल्या नोंदवहीत, कळवा असंही सांगितलं होतं, आणि त्याने समजून उमजून लपवलं. दाखले जोडून 'लाडकी बहीण'चे पैसे घेणारे सरकारी नोकरदार मात्र दादाच्याच पंगतीतले. आणि उत्पन्नाचा दाखला कसा 'मिळतो' हे आपल्यापैकी किती घरांत माहीत आहे, ते ग्रुपवर विचारून बघायला हरकत नाही.

अर्थात इथलं सरकार फार शहाणं आहे असंही नाही. घरच्या आजारी माणसाची सेवा करणाऱ्यांच्या केअरर्स अलाउन्समध्ये कमाई आठवड्याच्या मर्यादेच्या एक पौंड वर गेली तरी सगळा भत्ता बुडायचा. वर गेलेल्यांना खात्याने वेळेवर सांगितलं नाही, आणि काही वर्षांनंतर हजारो पौंडांची वसुली काढली. ते प्रकरण २०२४मध्ये गाजलं. त्या लोकांनाही शेजारीपाजारी चोरच म्हणत होते.

तेव्हा माझं मत असं. फसवणुकीत घरातलाच कोणी भरडला जात असेल, म्हणजे म्हाताऱ्या मावशीचा भत्ता मुलगा परस्पर खात असेल, तर मी त्याच दिवशी फोन करीन, नातं न बघता. दादासारख्या बाबतीत आधी तोंडावर बोलायचं. स्वतःहून कळवलं तर जास्तीचे पैसे हप्त्याने परत जातात आणि दंड लागलाच तर तो बहुधा किरकोळ असतो. पकडला गेला तर रकमेच्या निम्म्यापर्यंत, कमाल ५,००० पौंड दंड, नाहीतर थेट खटला. महाराष्ट्रातही काही हजार बायकांनी स्वतःहून लाडकी बहीणमधून नाव काढून घेतलं होतं. त्यांचं कौतुक ग्रुपवर कोणी केल्याचं मला आठवत नाही.

मी दादाशी बोलले. आधी म्हणाला, "तिकडचं इथे कोण बघतंय?" मग, भाडं सगळं सोसायटीच्या मेंटेनन्समध्येच जातं. मग चिडला, मग गप्प झाला. जर्नलमध्ये लिहायला मी मदत करीन असं सांगितलंय, महिनाअखेरपर्यंत थांबेन असंही. ताईला सांगितलंय की त्यानंतर मी तुला अडवणार नाही, पण फोन करायचा तर आधी दादाला सांगून कर. ही अट तिला अजिबात आवडलेली नाही.