मल्लय्या ओ देत नव्हता तेव्हा

'देव परीक्षा बघतोय' हे वाक्य सोलापुरात काही दिवस बंद ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. दादाचं डायलिसिस सुरू झाल्यापासून हे इतक्या जणांकडून ऐकलंय की समोरच्यानं सुस्कारा सोडला तरी पुढचं काय येणार ते कळतं. बोलणारी माणसं वाईट नाहीत, त्यांना फक्त गप्प बसवत नाही. देव बोलेनासा झाला की त्याच्या वतीनं बोलणारे भरपूर निघतात.

परवा एका लांबच्या काकांनी हेच ऐकवलं. वहिनी चहा गाळत म्हणाल्या, "परीक्षा घेणाऱ्यानं निकाल तरी लावावा की ओ काका." काका हसले. वहिनी हसल्या नाहीत.

याच वहिनी दर सोमवारी सिद्धेश्वराला जातात. मी एकदा विचारलं, राग येत नाही का? "येतो की भाऊजी. तिथं जाऊनच काढते." मला वाटतं, विश्वास तो हाच. ज्याच्यावरचा भरवसा उडाला त्याच्याशी कोण भांडत बसतंय? त्याचा तर आपण नंबरसुद्धा ठेवत नाही.

आपल्या ग्रामदैवताची कथा सोलापूरकरांना पाठ आहे, पण ती सांगताना आपण फार घाई करतो. लहानगा सिद्धराम रानात गुरं राखत होता. जंगमाच्या रूपात मल्लय्या, म्हणजे श्रीशैलचा मल्लिकार्जुन, आला, हुरडा खाल्ला आणि म्हणाला, पोटात आग पडलीय, दहीभात आण. पोरगं धावत घरी गेलं आणि भात घेऊन परत आलं, तर जंगम गायब. मग 'मल्लय्या, मल्लय्या' करत ते यात्रेकरूंच्या मागं थेट श्रीशैलला पोहोचलं. तिथं लोकांनी लिंग दाखवलं, हाच तुझा मल्लय्या. पोरगं म्हणालं, हा नव्हे. मग जंगलात हाका, पुन्हा हाका, शेवटी कड्यावरून उडी मारायची वेळ आली तेव्हा मल्लिकार्जुनानं हात धरला. आपण लगेच त्या हातावर येतो. पुढं सोन्नलगीला, म्हणजे आपल्या सोलापूरला, परत येऊन ६८ लिंगं स्थापली, तळं खोदलं, वगैरे. मधलं जंगल कुणी सांगत नाही. आमच्या घराचा मुक्काम सध्या तिथंच आहे, म्हणून मला तेवढाच भाग महत्त्वाचा वाटतो. आणि त्या लेकरानं 'हा नव्हे' म्हटलं, ते तर फारच आवडतं. लोकांनी पुढं केलेलं तयार उत्तर त्यानं घेतलं नाही.

कड्यावर प्रत्येकाचा हात धरला जातो, असंही मी म्हणणार नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्यात चोखोबा गावकुसाचं काम करताना भिंतीखाली गेले. जन्मभर ज्याचं नाव घेतलं त्याच्या देवळात त्यांना पाऊल टाकता आलं नव्हतं. समाधी आहे ती पंढरपुरात, महाद्वाराबाहेर. ही 'परीक्षा' होती म्हणायला माझी जीभ रेटत नाही. माणसांनी केलेला अन्याय देवाच्या खात्यावर टाकणं सोपं असतं.

दादाचं म्हणाल तर आठवड्यातून तीनदा, चार-चार तास मशीनवर. पाणी मोजून. सोलापूरचा उन्हाळा आणि मोजून पाणी, म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. वहिनी सकाळी एक बाटली भरून देतात. दिवसभराचं तेवढंच, चहासुद्धा त्यातूनच वजा. बाटलीवर स्केचपेननं रेघा आहेत: दुपारपर्यंत इथं, संध्याकाळपर्यंत इथं. फार कोरड पडली की बर्फाचा खडा चघळायचा. सोमवारी वहिनी तीर्थ आणतात, तर दादा फक्त बोट बुडवून ओठाला लावतो आणि म्हणतो, "हे पण रेघेत धर गं." देव गप्प आहे, दादाचा विनोद चालू आहे. कुठल्याशा प्रवचनापेक्षा मला हे पटतं.

किडनीसाठी यादीत नाव लावलंय. कधी नंबर लागेल ते डॉक्टरही सांगत नाहीत, आणि त्यांना कोणी 'परीक्षा बघताय का' असं विचारत नाही.

घरी या, जरूर या. कुणाला मशीनच्या वेळी सोबत बसता आलं तर वहिनींना तेवढीच झोप मिळेल. क्रिकेटवर बोला, राजकारणावर भांडा, दादाला दोन्ही चालतं. शहाळं मात्र आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, ते त्याला चालत नाही, आणि मग ते सगळं मला प्यावं लागतं.