केंटकीचा कोच कोण, हे ठरवणारे पाच दिवस

मार्च संपत आला की अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलच्या कोचांची अदलाबदल सुरू होते. कुणाला काढलं, कुणी स्वतःहून सोडलं, कोण कुठे चाललाय, याच्या बातम्या दिवसभर येत राहतात. आणि दर वर्षी तीच चर्चा: सगळ्यात मोठा कोच आणा, पैसे कितीही लागू देत. यंदाही तेच ऐकतेय, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

मी लेक्सिंग्टनला राहते, केंटकी विद्यापीठाच्या गावात. २०२४ च्या एप्रिलमधला कोचचा शोध मी इथे राहून पाहिलाय. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. ‘सगळ्यात मोठं नाव कुणाचं’ या प्रश्नाने शोध सुरू केला की तिथेच गाडं अडतं. इथे यायची खरी ओढ कुणाला आहे आणि त्याच्या हाताखालची पोरं खेळतात कशी, हे आधी विचारलं तर निम्मा मनस्ताप वाचेल.

बाहेरच्यांना हे गाव समजायला जरा वेळ लागतो. केंटकी राज्यात एनबीएचा (व्यावसायिक बास्केटबॉल) संघ नाही, एनएफएलचा (अमेरिकन फुटबॉल) नाही, मोठ्या बेसबॉल लीगचा नाही. जे काही आहे ते कॉलेजचं बास्केटबॉल. अ‍ॅडॉल्फ रप नावाचा कोच १९३० ते १९७२ इथे होता, ८७६ सामने जिंकला, चार वेळा राष्ट्रीय विजेतेपद आणलं. आजचं वीस हजारांवर माणसं बसणारं रप अरीना त्याच्याच नावाचं. आजवर एकूण आठ विजेतेपदं. त्यामुळे इथला कोच गव्हर्नरपेक्षा जास्त ओळखला जातो, असं लोक म्हणतात, आणि मला ते अतिशयोक्ती वाटत नाही. तो किराणा आणायला गेला तरी दोन माणसं थांबवून विचारणार, काल शेवटच्या मिनिटाला टाइमआउट का नाही घेतला म्हणून.

अशा ठिकाणी जॉन कॅलिपारी पंधरा हंगाम टिकला. २००९ मध्ये आला, २०१२ ला विजेतेपद मिळवलं, चार वेळा फायनल फोर, म्हणजे एनसीएए या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेतल्या शेवटच्या चार संघांची फेरी, गाठली. २०१५ चा संघ ३८ सामने सलग जिंकला आणि उपांत्य सामन्यात विस्कॉन्सिनकडून हरला. ते दुःख इथे अजून ताजं आहे. नंतर मात्र ओहोटी लागली. २०२०-२१ मध्ये ९ विजय आणि १६ पराभव. २०२२ ला सेंट पीटर्स या न्यू जर्सीतल्या छोट्या कॉलेजने पहिल्याच फेरीत घरी पाठवलं. आणि २१ मार्च २०२४ ला पिट्सबर्गमध्ये मिशिगनच्या ओकलंड विद्यापीठाने. ओकलंडचा जॅक गोल्की लांबून टाकत राहिला आणि आमचे लोक त्याच्या हातापर्यंत पोचायला दर वेळी अर्ध्या सेकंदाने उशीर करत राहिले. १० थ्री-पॉइंटर, एकट्याचे ३२ गुण. आमच्या संघात रीड शेपर्ड आणि रॉब डिलिंगहॅम होते, जे तीनच महिन्यांनी एनबीएच्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात तिथे) तिसरे आणि आठवे निवडले गेले. गुणवत्ता कमी नव्हती. संघ म्हणून कुणी शिकवलेलं दिसत नव्हतं.

गावाला कोच बदलायचा होता, पण बदलता येत नव्हता. २०१९ मध्ये विद्यापीठाने कॅलिपारीशी दहा वर्षांचा करार केला होता, ज्याला सगळे ‘आजन्म करार’ म्हणायचे. त्याला काढायचं तर ३ कोटी ३० लाख डॉलरच्या वर भरपाई द्यावी लागली असती. म्हणून मार्चअखेर अ‍ॅथलेटिक डायरेक्टर (विद्यापीठाच्या खेळांचा प्रमुख) मिच बार्नहार्टने जाहीर केलं की कॅलिपारीच राहणार. माझा खरा राग त्या करारावर आहे. एप्रिलमधली धावपळ सगळ्यांना दिसली, पण ती चूक पाच वर्षं आधी झाली होती. चांगला माणूस हातचा जाईल या भीतीने विद्यापीठाने स्वतःचेच हात बांधून घेतले. ते सुटले ते नशिबाने: ७ एप्रिलच्या रविवारी रात्री बातमी फुटली की कॅलिपारी आर्कन्सॉ विद्यापीठाला चाललाय.

दुसऱ्या दिवशी सूर्यग्रहण होतं. आमच्याकडे खग्रास नव्हतं, पण सूर्य जवळजवळ पूर्ण झाकला गेला. आमचं अख्खं ऑफिस कागदी चष्मे लावून पार्किंगमध्ये उभं होतं, ऊन विचित्र फिकट झालं होतं, आणि माझ्या शेजारचा माणूस वर बघायचं सोडून फोनवर विमानं शोधत होता. लेक्सिंग्टनहून कुठलं खासगी विमान उडालं, कुठे उतरलं, त्यावरून नवा कोच कोण ते ओळखायचं. इथे हा प्रकार लोक अगदी मनापासून करतात. त्याच रात्री अॅरिझोनात कनेक्टिकट विद्यापीठाने पर्ड्यूला हरवून सलग दुसरं विजेतेपद जिंकलं आणि त्यांचा कोच डॅन हर्ली लगेच आमच्या यादीत पहिला.

हर्लीने आपण कनेक्टिकट सोडणार नाही हे सांगून टाकलं. मग बेलरचा स्कॉट ड्रू, २०२१ चा विजेता कोच. गुरुवारी त्याचाही नकार आला. अलाबामाच्या नेट ओट्सनेही आहे तिथेच राहतो म्हणून कळवलं. एनबीएतल्या शिकागो बुल्सच्या बिली डोनोव्हनचं नाव चालूच होतं. प्रत्येक नकारानंतर गावाचा चेहरा पडायचा, जणू आपल्यातच काहीतरी खोट निघालीय. मला हे बिलकुल पटत नाही. हर्लीचं सगळं आयुष्य न्यू जर्सी आणि त्याच्या आसपास गेलंय, ड्रूने बेलरचा संघ जवळजवळ शून्यातून उभा केलाय. ज्यांचं स्वतःचं घर बांधून झालंय त्यांनी नाही म्हटलं तर त्यात आपला अपमान कसला? उलट त्यांनी पैशासाठी उडी मारली नाही याचा आदर वाटायला हवा.

जुन्या लोकांना हे सगळं आधी पाहिल्यासारखं वाटत होतं, आणि ते बरोबर होतं. २००७ मध्ये तेव्हाचा कोच टबी स्मिथ मिनेसोटाला गेला तेव्हाही शोध बार्नहार्टनेच चालवला. तेव्हाही पहिली पसंती सलग दोन विजेतेपदं मिळवलेला कोच होता: तेव्हा फ्लोरिडाला असलेला हाच डोनोव्हन. तो नाही म्हणाला. मग टेक्सास ए अँड एमचा बिली गिलिस्पी आणला. दुसऱ्याच सामन्यात, रप अरीनात, गार्डनर-वेब नावाच्या छोट्या विद्यापीठाकडून हार. दोन हंगामांत ४० विजय, २७ पराभव, आणि २००९ मध्ये एनसीएए स्पर्धेत प्रवेशच नाही. त्याच्याशी पूर्ण करारावर सह्यासुद्धा झाल्या नव्हत्या, नुसत्या सामंजस्याच्या कागदावर दोन वर्षं काढली. काढल्यावर कोर्टकचेरी झाली आणि जवळपास ३० लाख डॉलर देऊन प्रकरण मिटलं. म्हणजे एका कोचशी करारच नाही आणि पुढच्याशी सुटकाच नसलेला करार. दोन्ही टोकं एकाच विद्यापीठाची.

गिलिस्पीचं उदाहरण माझ्यावर उलटतं हे मला माहीत आहे. त्यालाही यायचं होतंच की. पण त्याला नोकरी हवी होती. नोकरीबरोबर हे गाव येतं, दुकानात थांबवणारी माणसं येतात, प्रत्येक खेड्यातल्या शाळेच्या जिममध्ये जाऊन हात मिळवणं येतं. ते त्याला नकोसं होतं. ओढ म्हणते ती या सगळ्यासकट.

शुक्रवारी, १२ एप्रिलला, मार्क पोपचं नाव जाहीर झालं आणि लोक भडकले. ब्रिगहम यंग विद्यापीठाचा कोच. मुख्य कोच म्हणून एनसीएए स्पर्धेत तोवर एकही सामना जिंकलेला नव्हता. तीनच आठवड्यांपूर्वी डुकेनकडून पहिल्या फेरीत हरला होता. ही शंका रास्त होती, ती मी झटकून टाकत नाही. पण त्याच्या संघाचं काय? बिग १२ या देशातल्या सगळ्यात कठीण लीगमध्ये त्यांचं ते पहिलंच वर्ष होतं. १४ संघांत तेरावे येतील असा अंदाज होता, आणि ते पहिल्या पाचांत आले. कॅन्ससला कॅन्ससच्या घरी हरवलं. पाचही जण बॉल फिरवतात, रिकामा माणूस शोधतात, लांबून बिनधास्त टाकतात, हे त्यांचा कुठलाही सामना बघितला असता तरी दिसलं असतं. शुक्रवारी चिडलेल्यांपैकी किती जणांनी एक तरी सामना बघितला होता?

आणि माणूस? १९९६ च्या विजेत्या संघाचा कॅप्टन. वॉशिंग्टनला दोन वर्षं खेळून मग इथे आलेला, तेव्हाचा कोच रिक पिटिनोच्या हाताखाली घडलेला. एनबीएत खेळून झाल्यावर कोलंबिया विद्यापीठात डॉक्टरकी शिकत होता. ती अर्धवट सोडून २००९ मध्ये जॉर्जिया विद्यापीठात अगदी खालच्या पायरीवरून कोचिंगला लागला. त्याने नोकरी घेताना भाव खाल्ल्याचं कुणी ऐकलं नाही.

रविवारी रप अरीनात त्याचं स्वागत होतं, सगळ्यांना प्रवेश मोफत. आम्ही मुलाला घेऊन गेलो. रांग रस्त्याच्या वळणापलीकडे गेलेली, आणि माझ्या पुढे चार माणसं सोडून ऑफिसमधला तोच विमानं शोधणारा, जो शुक्रवारी बार्नहार्टला काढा म्हणत होता. आत पाय ठेवायला जागा नाही. एक बस थेट अरीनात आली, दार उघडलं, जुने खेळाडू आणि त्यांच्याबरोबर पोप, हातात १९९६ ची ट्रॉफी. वीस हजार माणसं उभी. सामना नाही, संघ नाही, खरंच संघ नव्हता, एकही नावाजलेला खेळाडू शिल्लक नव्हता, तरी तो आवाज छातीत बसत होता. इथे आपल्याकडून विजेतेपदाचीच अपेक्षा आहे हे मला कळतं, असं तो सरळ म्हणाला. हर्ली आला असता तर गर्दी इतकीच झाली असती, पण तो या अरीनाकडे बघून असा हसला नसता, हे मी खात्रीने सांगते.

याच काळातली एक गोष्ट फार कमी लोकांना आठवते. याच विद्यापीठाने त्याच मार्चमध्ये महिला संघासाठीही कोच शोधला. केनी ब्रूक्स, ज्याने २०२३ मध्ये व्हर्जिनिया टेकला त्यांच्या इतिहासात प्रथमच फायनल फोरपर्यंत नेलं होतं. दोन आठवड्यांच्या आसपास काम झालं. कुणाचं विमान कुणी शोधलं नाही, जाहीर नकारांची मालिका नाही. महिला संघाकडे गावाचं इतकं कमी लक्ष असावं याचं मला वाईट वाटतं, आणि ते बदलायला हवं. पण शांतपणे शोध करता येतो, हे त्याच इमारतीत, त्याच माणसांनी, काही दिवस आधीच करून दाखवलं होतं.

सगळ्यात जास्त मला बोचतं ते खेळाडूंचं. त्या वर्षीची साखळी बघा. एसएमयूने (सदर्न मेथडिस्ट विद्यापीठ) कोच काढला आणि सदर्न कॅलिफोर्नियाचा नेला. सदर्न कॅलिफोर्नियाने आर्कन्सॉचा, आर्कन्सॉने केंटकीचा, केंटकीने ब्रिगहम यंगचा, आणि ब्रिगहम यंगने एनबीएच्या फिनिक्स सन्सचा सहायक. प्रत्येक ठिकाणी डझनभर अठरा-वीस वर्षांची पोरं आणि त्यांचे आईबाप. कोचच्या शब्दावर विश्वास ठेवून ती तिथे आलेली असतात. ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलायची नोंदणी, ठरावीक दिवसच उघडं, म्हणून सगळे निर्णय घाईत. आमचे काही कॅलिपारीमागे गेले, काही इतरत्र. पोरांनी कॉलेज बदललं की त्यांना निष्ठा नाही म्हणणारे लोक कोचला मात्र ‘करिअरचा निर्णय’ म्हणून सूट देतात. हे मला मान्य नाही.

पोपने काही आठवड्यांत अख्खा संघ नव्याने जमवला, बहुतेक दुसऱ्या कॉलेजांतली मोठी मुलं आणि सोबत ट्रॅव्हिस पेरी, केंटकीच्या शालेय मुलांच्या बास्केटबॉलमध्ये सर्वाधिक गुण केलेला पोरगा. पहिल्या हंगामात २४ विजय, १२ पराभव. ड्यूकला ७७-७२ हरवलं, एनसीएए स्पर्धेत शेवटच्या सोळांत पोचले. कॅलिपारी १ फेब्रुवारी २०२५ ला आर्कन्सॉ घेऊन रपमध्ये आला आणि ८९-७९ ने जिंकून गेला. त्याचा संघही शेवटच्या सोळांतच थांबला. त्यामुळे एकाला संत आणि दुसऱ्याला खलनायक करायचं मला कारण दिसत नाही. पंधरा वर्षांनी दोघांनाही, गावाला आणि कॅलिपारीला, बदल हवाच होता.

पोप पुढे किती जिंकेल यावर माझं म्हणणं अवलंबून नाही. त्याच्याशी पाच वर्षांचा, २ कोटी ७५ लाख डॉलरचा करार झाला, आणि आजन्म हा शब्द त्यात कुणी वापरला नाही, हे मला मोलाचं वाटतं. आता ज्या ज्या विद्यापीठांत शोध चाललाय, तिथल्या चाहत्यांना एवढीच विनंती आहे. यादीतल्या प्रत्येक कोचच्या आताच्या संघाचे दोन सामने पूर्ण बघा, एक जिंकलेला, एक हरलेला. हरलेल्या सामन्यात टाइमआउटला तो पोरांशी कसा बोलतो ते बघा. आणि मग करार किती वर्षांचा आहे, मोडला तर कुणी कुणाला किती द्यायचे, हे विद्यापीठाला विचारा. सरकारी विद्यापीठ असेल तर बहुतेक राज्यांत ते कागद मागायचा तुम्हाला हक्क आहे.