व्हॅनिला आइस्क्रीममध्ये बीव्हरचा स्राव नसतो

‘व्हॅनिलाचा स्वाद बीव्हर या प्राण्याच्या गुदद्वाराजवळच्या ग्रंथीतून काढतात,’ असा मजकूर पुन्हा फिरतो आहे. तो वाचून कुणी आइस्क्रीम सोडण्याचं कारण नाही.

या दाव्यात सत्याचा एक कण आहे. बीव्हरच्या शेपटीजवळच्या पिशव्यांमधून कॅस्टोरियम नावाचा पदार्थ मिळतो. त्याला व्हॅनिलासारखा वास येतो, अत्तरांत तो वापरला गेला आहे आणि अमेरिकेत खाद्यपदार्थांत वापरायला त्याला परवानगीही आहे. पण तो मिळवायला प्राणी पकडावा लागतो. हे काम खर्चिक आणि उत्पादन नगण्य, त्यामुळे जगभरच्या आइस्क्रीमला ते पुरणं शक्यच नाही.

मग स्वस्त व्हॅनिला येतो कुठून? त्यातलं मुख्य सुगंधी द्रव्य म्हणजे व्हॅनिलिन. १८७४ मध्ये टीमान आणि हारमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी ते पाइन वृक्षातल्या एका घटकापासून बनवलं. आज ते बहुतांशी खनिज तेलापासून मिळणाऱ्या ग्वायकॉल या रसायनापासून आणि काही प्रमाणात लाकडातल्या लिग्निनपासून तयार होतं.

खरा व्हॅनिला म्हणजे मूळच्या मेक्सिकोतल्या एका ऑर्किडच्या वेलीची शेंग. ही वेल इतरत्र नेली तरी तिला शेंगा धरत नसत. १८४१ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर एडमंड अल्बियस या अवघ्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडी आणि अंगठा वापरून फुलाचं परागण करून दाखवलं. आजही मळ्यांत फुलं हातानेच फळवतात. व्हॅनिलाबद्दल काही पुढे पाठवायचंच असेल, तर या मुलाचं नाव पाठवा.