फोर्क हा शेवटचा पर्याय

ओपन सोर्स प्रकल्पात मतभेद झाले की सरळ फोर्क करून, म्हणजे कोडची प्रत घेऊन आपला वेगळा प्रकल्प काढून मोकळं व्हावं, असं मत एका लेखात वाचलं; मला ते पटलं नाही. एमआयटी परवाना (कोड वापरायची, बदलायची मोकळीक देणारा) असेल तर फोर्कला कुणाची आडकाठी नसते, खरंय. पण पुढची कित्येक वर्षं बग (कोडमधल्या चुका) कोण निस्तरणार? त्यापेक्षा मूळ प्रकल्पातच बोलून मार्ग काढावा. २०१४ मध्ये ज्याचा कोड खुला झाला ते गोडो हे गेम बनवायचं इंजिन बघा. नवी सुविधा हवी असेल तर आधी वेगळ्या रिपॉझिटरीत (प्रकल्पाच्या ऑनलाइन कोठारात) प्रस्ताव मांडायचा, त्यातही पहिल्यांदा अडचण काय ते लिहायचं, उपाय नंतर. दुसऱ्या एका इंजिनात माझी पुल रिक्वेस्ट (माझा कोड सामावून घ्यायची विनंती) अडली होती. दोन आठवडे मी उपायावरच भांडत होतो आणि समोरच्याला मूळ अडचणच कळली नव्हती! बग दाखवणारा छोटा प्रोजेक्ट जोडला, तेव्हा बोलणं रुळावर आलं. निम्मा कोड काढावा लागला (वाईट वाटलंच), उरलेला मूळ कोडमध्ये मर्ज झाला.