दादा मध्येच थांबला होता

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. दादाचा लेक माझ्याकडे कॉमिक्सचा नवीन अंक घेऊन बसला होता. चार पानं झाली नाहीत तोच मान वर करून विचारतो, "आत्या, हा असा का बोलतोय गं?" मी नाव पाहिलं. लेखक बदललेला!

लहानपणी दादा मला एक्स-मेन या सुपरहिरोंच्या टोळीचे अंक मोठ्याने वाचून दाखवायचा. वुल्व्हरिन घोगरा, स्टॉर्म संथ. 1975 ते 1991, तब्बल 16 वर्षं ख्रिस क्लेअरमाँटने ती माणसं लिहिली. त्याच्यानंतरचा एक अंक वाचताना दादा मध्येच थांबला. म्हणाला, "आवाजच लागत नाहीये." लेखकाचं नाव त्याने नंतर पाहिलं.

चित्रकार बदलला तर नवा चेहरा डोळ्यांच्या सवयीचा होतो. लेखक बदलला की आतलं माणूसच बदलतं. ते कशावर चिडतं, कुणापुढे अडखळतं, सगळंच.

आणि ही मंडळी बदलून थांबत नाहीत, पुसतात! एक्स-मेनच्याच ग्रँट मॉरिसनने लिहिलेल्या कथेत त्यांचा साथीदार झॉर्न हाच त्यांचा जुना शत्रू मॅग्नेटो निघाला. मॉरिसन 2004 मध्ये बाहेर पडल्यावर म्हणे झॉर्न मॅग्नेटो नव्हताच. स्पायडर-मॅनचं, म्हणजे पीटरचं, मेरी जेनशी लग्न 1987 चं. 2007 मध्ये मेफिस्टो नावाच्या सैतानाशी सौदा करून ते झालंच नाही असं ठरवलं. तेही जुन्या लेखकाच्या शेवटच्या कथेत, पुढच्यांना पाटी कोरी मिळावी म्हणून. 20 वर्षांचा संसार होता तो! आम्ही वाचलेलं कुठे ठेवायचं?

हो, लेखक ॲलन मूर आला नसता तर स्वॅम्प थिंग ही दलदलीतल्या राक्षसाची मालिका कदाचित बंद पडली असती, मान्य. पण त्याने काय केलं? हा राक्षस म्हणजे शास्त्रज्ञ ॲलेक हॉलंडच, असं आधी सगळे धरून होते. ॲलेक केव्हाच मेलाय, राक्षसाच्या अंगातल्या वनस्पतींनाच आपण ॲलेक आहोत असं वाटतंय, हे मूरने 1984 मध्ये उघड केलं. जुनं एक पानही खोटं ठरलं नाही. उलट ते अंक परत वाचले की जास्त लागतात. आधीच्याचं मन लावून वाचल्याशिवाय हे सुचत नाही. एवढंच मागतेय मी.

लिहिता लिहिता दादाला फोन केला. पोरगा काय म्हणाला ते सांगितलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "कपाटातला जुना गठ्ठा काढून ठेव. उद्या येतो. मी वाचून दाखवतो त्याला."