अर्थशास्त्राच्या मुलांनो, स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू नका

"मॅडम, इंग्लिशसाठी कुठला क्लास लावू?" मराठी माध्यमातून आलेली, अर्थशास्त्र घेऊन बी.ए. करणारी मुलं दरवर्षी हे विचारतात. भांडुप, दिवा, नालासोपाऱ्याहून येतात, दुपारनंतर कुठेतरी कामाला जातात. पै-पै जोडून फी भरणाऱ्या या मुलांना मी कळकळीने सांगते, तो क्लास लावू नका. हॉटेलात ऑर्डर कशी द्यायची, मुलाखतीत स्वतःची ओळख कशी करून द्यायची, हे तिथे शिकवतात आणि त्याचाही उपयोग असतो. पण मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात एम.ए.ला गेल्यावर आपली मुलं अडतात ती वाचताना.

जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने अल्पमुदतीचं कर्ज देते तो, कमी केला. पतधोरणाच्या इंग्रजी निवेदनातला तुकडा मी फळ्यावर लिहिला: 'बाय ५० बेसिस पॉइंट्स टू ५.५० पर्सेंट'. वर्गातल्या एका हुशार मुलीने वहीत उतरवलं, "दर साडेपाच टक्क्यांनी कमी झाला." प्रत्यक्षात तो ६ वरून ५.५० वर आला होता, म्हणजे कपात ५० बेसिस पॉइंट्सची, अर्ध्या टक्क्याची. रेपो दर म्हणजे काय, तो उतरला की गृहकर्जाचा हप्ता का उतरू शकतो, हे तीच मुलगी मराठीत न अडखळता समजावून सांगते. 'बाय' म्हणजे कितीने आणि 'टू' म्हणजे कितीवर, एवढं आकड्यांच्या वाक्यात घालून तिला शाळेपासून कुणी दाखवलंच नव्हतं. माझा जीव तुटतो तो इथे.

त्याच निवेदनात २०२५-२६ साठी महागाईचा दर ३.७ टक्के 'प्रोजेक्टेड' होता. कितीतरी जणांनी लिहिलं, "महागाई ३.७ टक्के झाली." तो अंदाज होता. ऑगस्टमध्ये बँकेने तो ३.१ वर आणला, ऑक्टोबरमध्ये २.६ वर. अंदाज आणि घडलेली गोष्ट यांची गल्लत झाली तर पुढचं सगळं उत्तर कोसळतं. शिवाय महागाईचा दर उतरला म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या, असं तर इंग्रजी माध्यमाची मुलंही बिनधास्त लिहितात. (भाव वाढतच असतात, फक्त आधीपेक्षा सावकाश.) म्हणून ही जबाबदारी इंग्रजीच्या शिक्षकांवर ढकलून चालणार नाही. हे अर्थशास्त्राच्या तासालाच, आम्हीच शिकवायला हवं.

त्यासाठी लागणारं साहित्य फुकट आहे. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' काढतं, मराठीत आणि इंग्रजीतही. दोन्हींत तक्ते तेच, आकडे तेच. आधी मराठी प्रकरण वाचा. मग इंग्रजीतला तोच तक्ता समोर ठेवा आणि त्याखालचा परिच्छेद वाचा. आकडे ओळखीचे असल्यामुळे वाक्याचा अर्थ हाताला लागतो. त्यानंतर दुसऱ्या एखाद्या तक्त्यावर स्वतः चार इंग्रजी वाक्यं लिहा: काय वाढलं, कितीने, कितीवर गेलं, कशाच्या तुलनेत. मोबाइलवर, लोकलमध्येही वाचता येतं.

मराठीत शिकलात याची लाज तर अजिबात बाळगू नका. बाबासाहेब १९१८ ते १९२० या काळात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते, तेही इंग्रजीतून. आणि १९२० मध्येच त्यांनी 'मूकनायक' मराठीतून सुरू केलं. मराठीत पक्का झालेला विषय इंग्रजीत नेता येतो. विषयच कच्चा असेल तर कुठलीच भाषा उपयोगाची नाही.

नव्या शैक्षणिक धोरणात एईसी (एबिलिटी एनहान्समेंट कोर्स) या नावाखाली भाषेसाठी वेगळे क्रेडिट ठेवले आहेत. त्यातले काही तास अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पतधोरणाची निवेदनं, आर्थिक पाहणी आणि अर्थसंकल्पाची भाषणं वाचायला द्या, आणि ते तास इंग्रजी व अर्थशास्त्राच्या शिक्षकांनी मिळून घ्यावेत. अभ्यासक्रम ठरवणाऱ्या विद्यापीठाच्या अभ्यास मंडळावर जे कुणी आहेत त्यांनी हा विषय पुढच्या बैठकीत मांडावा. उतारे निवडण्यापासून तास घेण्यापर्यंत पडेल ते काम करायला मी तयार आहे.