नॉमिनी कोण होतं?

गेल्या मंगळवारपासून डब्यात मला 'जपान' म्हणतात. "जपान, बॅग वर टाक." "जपान, सरक जरा." अकरा वर्षं त्याच डब्यात त्याच दारातून चढतोय, पण माझं नाव विचारण्याची गरज कोणाला पडली नव्हती. आता बारसंच झालंय. ज्या काकांनी ते केलं त्यांच्यावरचा राग अजून उतरलेला नाही.

झालं एवढंच, की त्या दिवशी विरारला खिडकी मिळाली. खिडकी मिळालेल्या माणसाने झोपायचं असतं. मी फोन काढला आणि 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'चा उरलेला तासभर लावला. हा सिनेमा मी आधी दोनदा पाहिलाय, दोन्ही वेळा घरी, दार लावून. तिसऱ्यांदा लोकलमध्ये बघावा अशी बुद्धी का झाली, कोण जाणे.

सेत्सुको नावाची चार वर्षांची पोर आहे. युद्धात घर जळालंय, आई गेलीय. तिच्याकडे फळांच्या गोळ्यांचा पत्र्याचा डबा आहे. एक दिवस गोळ्या संपतात. मग भाऊ सेइता त्या रिकाम्या डब्यात पाणी ओततो, खळखळ हलवतो आणि तिला प्यायला देतो. तिला त्या पाण्यात सगळ्या गोळ्यांच्या चवी लागतात. बास, एवढंच. नायगाव मागे पडलं तेव्हा माझ्या डोळ्यांपेक्षा नाकाची अवस्था वाईट होती आणि रुमाल होता बॅगेत, बॅग होती रॅकवर.

समोर काका होते. बँकेतून निवृत्त, तरी अंधेरीला कुठल्याशा सोसायटीचे हिशेब तपासायला रोज जातात. बुशशर्टाच्या खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. लाल पेन खिशात ठेवून फिरणाऱ्या माणसापासून सावध राहावं, हे मला शाळेतच कळायला हवं होतं.

"कोणी गेलं का?" काकांनी विचारलं. आवाज एकदम स्मशानातला.

'नाही हो, सिनेमा बघतोय' म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. पण मी नुसती मान हलवली. रडणारा माणूस मान हलवतो तेव्हा ती हो की नाही, हे समोरच्याने ठरवायचं असतं. काकांनी हो ठरवलं.

"कोण?"

"मुलगी. चार वर्षांची."

"अरेरेरे." काकांनी खिसा चाचपला आणि लिमलेटची गोळी काढून माझ्या तळहातावर ठेवली. "तोंडात टाका. बरं वाटेल."

आता सांगा, जगात देण्यासारख्या इतक्या वस्तू असताना नेमकी गोळी? ती तोंडात गेली आणि मला हुंदकाच फुटला. काकांना वाटलं, आपल्या धीर देण्याने बांध फुटला. त्यांनी माझा गुडघा थोपटला.

"घरातली?"

"नाही. जपानची."

"जपानला कोण असतं तुमचं?"

"तसं कोणी नाही."

काकांनी हे बाजूला ठेवलं. दुःखात माणूस असंबद्ध बोलतो. "आजारी होती?"

"खायला नव्हतं."

"जपानमध्ये?" शेजारच्याने पेपर खाली केला. "जपानमध्ये खायला नाही, मग आपलं काय होणार!"

"आईवडील?"

"आई बॉम्बहल्ल्यात गेली. वडील नेव्हीत."

"नेव्हीत!" काका सावरून बसले. इतका वेळ नुसतं दुःख होतं, आता त्यांच्या हाताला काम मिळालं होतं. "मग फॅमिली पेन्शन बसेल."

"जहाजासकट बुडाले हो ते."

"ड्यूटीवर ना? मग जास्तच बसेल. मागे कोण?"

"भाऊ. चौदा वर्षांचा."

"मायनर," काका पेपरवाल्याला म्हणाले. डॉक्टर नर्सला सांगतात तसं. "आणि बँकेत?"

इथे गप्प बसायला हवं होतं. पण विचारलं की उत्तर द्यायचं, हे लहानपणचे संस्कार नडतात. "आईच्या नावावर सात हजार येन होते."

"नॉमिनी कोण होतं?"

"माहीत नाही."

"बघा!" काकांनी सगळ्या डब्याला साक्षीला घेतलं. "बघा, इथेच घोडं अडतं. सदतीस वर्षं काउंटरवर काढली मी. माणूस जातो, पासबुक उशीखाली सापडतं आणि नॉमिनीचा रकाना कोरा! मग आणा वारस दाखला, आणा अॅफिडेव्हिट, आणा दोन जामीन." मग त्यांनी एका म्हातारीची गोष्ट सांगितली. तिने आयुष्यभर साठवलेल्या पैशांना नॉमिनी म्हणून गणपतीचं नाव लिहिलं होतं. ती गोष्ट वसईची खाडी येईपर्यंत चालली. खरं सांगायचं तर सेत्सुकोपेक्षा ती जास्त रंगली होती.

"सात हजार येन म्हणजे चार हजार रुपये," पेपरवाल्याने मध्येच फोनवर हिशेब करून सांगितलं.

"एवढेच?"

"तेव्हाचे," मी म्हणालो.

"तेव्हाचे म्हणजे कधीचे?"

"1945 चे."

शांतता. काकांचे ओठ हलत होते. हातचे धरून वजाबाकी चालली होती. "म्हणजे आज असत्या तर ऐंशीच्या पुढे. अहो, मग आजी म्हणा की! मुलगी काय म्हणता?"

आणि त्याच क्षणी माझ्या इयरफोनची पिन निघाली. फोनमधून सेइताने बहिणीला जोरात हाक मारली. काका वाकले. चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा डोळ्यांवर आणला.

"हे तर कार्टून आहे!"

खाडीच्या पुलावर गाडीचा आवाज वाढतो, शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. हे वाक्य मात्र दाराला लटकलेल्यांपर्यंत पोचलं. "कोण रडतंय?" "तो खिडकीतला." "कशाला?" "कार्टून मेलं." चौथ्या सीटवर अर्ध्या बुडाने टेकलेला मुलगा म्हणाला, "दादा, छोटा भीम नका बघू हां, त्यात रोज मारामारी असते." लिमलेटची गोळी अजून तोंडात होती. चघळताही येईना, परत देताही येईना. काका त्या गोळीकडेच बघत होते. खोटी कागदपत्रं देऊन कर्ज उचलणाऱ्याकडे बघावं तसे.

हसलो मीही. न हसून सांगतो कोणाला? पण आतून तळपायाची आग मस्तकात गेली होती. 1991 मध्ये 'माहेरची साडी' बघून अख्ख्या महाराष्ट्राने पदर आणि रुमाल भिजवले, तेव्हा थिएटरात कोणी उठून 'अहो, ती अलका कुबल आहे, संध्याकाळी घरी जाऊन जेवणार आहे' असं ओरडलं होतं का? पडद्यावर माणूस असला की रडणं संस्कारी आणि चित्र असलं की येडपटपणा. आपल्याकडे 'कार्टून' ही शिवीच आहे म्हणा. "काय कार्टून आहे!" म्हणजे तो माणूस कामातून गेलेला. आता ते माझ्याबद्दल म्हणतात.

बरं, ही गोष्ट नुसत्या कल्पनेतलीही नाही. ज्याच्या कथेवरून सिनेमा झाला त्या अकियुकी नोसाकाची तान्ही बहीण 1945 मध्ये खरोखर उपासमारीने गेली. ती कथा त्याने 1967 मध्ये लिहिली. सिनेमा आला 1988 च्या एप्रिलमध्ये, आणि कसा आला? त्याच 'घिबली' स्टुडिओच्या 'माय नेबर टोटोरो'ला जोडून, एकाच तिकिटात. टोटोरो म्हणजे झाडाखाली झोपणारा, पोटावर मुलं लोळवणारा गुबगुबीत प्राणी. ही जोडी ज्याने लावली त्याला नमस्कार. पुरणपोळी वाढायची आणि त्याच ताटात कारल्याचा रस! त्या गोळ्यांचा लाल डबा बनवणारी कंपनीही 2023 च्या जानेवारीत बंद पडली. हे मी काकांना सांगितलं नाही. त्यांनी ठेवीदारांचं काय झालं ते विचारलं असतं.

"आमच्या वेळी ही असली थेरं नव्हती," काका बोरिवलीला म्हणाले. नव्हती कशी? 1993 मध्ये रविवारी सकाळी ज्याच्यासाठी सगळं घर दूरदर्शनसमोर बसायचं, तो मोगली जपान्यांनीच काढलेला होता. 'चड्डी पहन के फूल खिला है' म्हणणारी पिढी अॅनिमेवर, म्हणजे जपानी कार्टूनवर वाढली, फक्त तिला कोणी सांगितलं नाही. मूळ गोष्ट लिहिणारा किपलिंग जन्मला मुंबईत, जे. जे.च्या आवारात. चित्रं तिकडची, शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. हे सगळं मी एका दमात सांगितलं. काका म्हणाले, "मोगलीचं वेगळं. मोगली आपला." पुढे वाद संपला.

घरी यावं तर तिथे भाचा. बारावीला आहे, क्लासच्या निमित्ताने आमच्याकडे असतो. त्याच्या दृष्टीने मी रडलो ही लाज नाही, कशावर रडलो ही आहे. "मामा, घिबली ठीक आहे रे, बिगिनर्ससाठी." त्याचं दैवत 'वन पीस', म्हणजे खजिना शोधत फिरणाऱ्या एका पोराचं अॅनिमे. ते 1999 पासून चालू आहे, हजार भाग कधीच उलटले, आणि त्या पोराला तो खजिना अजून मिळालेला नाही. मी मोठ्या हिमतीने साठ भाग पाहिले आणि म्हणालो, जरा संथ वाटतंय. "तीनशेनंतर भारी होतं," तो म्हणाला. तीनशे! एवढी मुदत तर आमच्या सासरेबुवांनीही जावयाला दिली नव्हती. त्यात मी हिंदी डबिंग बघतो हे कळल्यावर त्याने माझ्या हातचा चहा सोडायचाच बाकी ठेवला. या मंडळींत सबटायटलवाले आणि डबिंगवाले अशा दोन पंक्ती असतात. आमची पंक्त अंगणात. म्हणजे काकांच्या लेखी मी बालवाडीत आणि भाच्याच्या लेखी वृद्धाश्रमात. माझ्या वयाला साजेसं कार्टून कुठलं, ते कोणीच सांगत नाही.

आणि तरी मी बघतो. का बघतो ते एकदाच सांगतो. 2003 मध्ये ऑस्कर मिळालेल्या 'स्पिरिटेड अवे'मध्ये एक आगगाडी आहे. रूळ पाण्याखाली, चहूकडे समुद्र, आणि गाडी पाण्यावरून चालल्यासारखी जाते. दहा वर्षांची चिहिरो बाकावर बसलीय, शेजारी तोंडावर मुखवटा घेतलेलं एक भूत. बाकीचे प्रवासी नुसत्या सावल्या. कोणी काही बोलत नाही. बराच वेळ काही घडतच नाही. स्टेशन येतं, सावल्या उतरतात, बाहेर अंधार पडतो. एकदा जुलैत नालासोपाऱ्याला रूळ असेच पाण्याखाली गेले होते. आमची गाडी दोन तास उभी. खिडकीतून बघितलं तर खांबांच्या सावल्या पाण्यात, पलीकडे एकच दिवा. मला वाटलं, आली आपली गाडी. तेवढ्यात मागून कोणीतरी विचारलं, "शेंगदाणे कोणाकडे आहेत का?" त्या सिनेमात असं विचारणारं कोणी नाही. खरं तर मला आवडतं ते एवढंच.

गुरुवारी काकांनी माझा नंबर घेतला, सुप्रभात पाठवायला. बघतो तर डीपीवर काका-काकू महाबळेश्वरच्या पॉइंटवर उभे. मोठाले डोळे, गुलाबी गाल, मागे कापसाचे ढग. "नातीने एआयवर काढून दिलं. घिबली! अर्ध्या मिनिटात होतं." मंगळवारी मला डबाभर नागवणारा माणूस स्वतः कार्टून होऊन माझ्या फोनमध्ये बसला होता! काकूंची नथ उजव्या नाकपुडीत गेली होती. काकांना त्याचं काही नव्हतं. मी म्हटलं, काका, त्या स्टुडिओच्या 'द विंड रायझेस'मध्ये भूकंपानंतरच्या गर्दीचं एक दृश्य आहे, चार सेकंदांचं. ते हाताने काढायला एका माणसाला सव्वा वर्ष लागलं.

"चार सेकंदांना सव्वा वर्ष?" काकांनी आपल्या डब्यातल्या गर्दीकडे पाहिलं. "पगार चालू होता का तेवढे दिवस?"

मी खिडकीबाहेर बघत बसलो.

काल जोगेश्वरी गेल्यावर काका उठले. पिशवी खांद्याला लावली आणि माझ्या कानाशी वाकले. पुन्हा तो मंगळवारचा, स्मशानातला आवाज.

"ते सात हजार. काढले का त्या पोराने?"

"काढले. शेवटी तीन हजार उरले होते, तेही काढले. पण तोवर उशीर झाला होता."

काका कडीला धरून उभे राहिले. गाडीबरोबर थोडे हलले.

"चौदा वर्षांच्या पोराला दिले ना पैसे? सही नाही, गार्डियन नाही, काही नाही." त्यांनी खिशातली पेनं उगाच सारखी केली. "काउंटरवरचा माणूस भला असणार."

अंधेरी आलं. "चल रे जपान, पाय घे आत!" असं सगळ्या डब्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडून ते उतरले. गोळी काही दिली नाही.